शेवटची चार क्रेडिट

वड्यांचं पीठ आदल्या रात्रीच भिजवून ठेवलं होतं, सांबाऱ्याचे काळे वाटाणे कुकरातून उतरले होते, खीर मंद आचेवर आटत होती. म्हाळाच्या स्वयंपाकात काही म्हणजे काही कमी नव्हतं. तरी सकाळी सातपासून जान्हवीचे हात गार पडले होते आणि गॅससमोर उभं राहूनही ते गरम व्हायला तयार नव्हते. बेसनाच्या डब्याखाली चौपदरी घडी घातलेला एक कागद होता. दर दहा मिनिटांनी डबा उचलून तो जागेवर आहे ना ते ती बघायची. कागद कुठं जाणार होता? पण भीती लागली की माणूस अशीच कामं काढत बसतं.

तो कागद म्हणजे हॉल तिकीट. चकाल्याच्या एका कॉम्प्युटर सेंटरवर दुपारी दोनला परीक्षा, दीडला गेट बंद. विषय बालमानसशास्त्र, क्रेडिट चार. मुक्त विद्यापीठाच्या पदवीला एकशेवीस क्रेडिट लागायची आणि जान्हवीची एकशेसोळा झाली होती. वर्ग नाही, हजेरी नाही, शिकवायला कोणी नाही. आपलं आपण वाचायचं, तयारी झाली की परीक्षेला बसायचं, पास झालं की त्या विषयाची क्रेडिट आपल्या नावावर चढायची. साडेतीन वर्षं तिनं हे केलं होतं, आणि सासू-सासऱ्यांना कळू न देता केलं होतं. शाळा सुटल्यावर बालवाडीच्या बुटक्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन ती वाचायची. चपात्या लाटताना कानात इयरफोन घालून व्याख्यानं ऐकायची. सुनेला हल्ली भजनांची फार गोडी लागलीय असं सासूबाईंनी शेजारी दोन-तीन ठिकाणी कौतुकानं सांगितलंही होतं.

हौस म्हणून कुणी एवढं करत नाही. ज्या शाळेत ती चौदा वर्षं बालवाडीला शिकवत होती, त्या शाळेनं लेखी कळवलं होतं की दिवाळीपर्यंत पदवी दाखवा, नाहीतर जागा सोडा. आजचा पेपर चुकला तर पुढचा सहा महिन्यांनी. म्हणजे आज पेपर दिला तर नोकरी राहणार होती, नाहीतर जाणार होती. आणि आजच, नेमका आजच, परबांच्या घरी म्हाळ होता. घरातल्या मेलेल्या माणसांना पानं वाढायचा वर्षातला हा एक दिवस, आणि थोरल्या सुनेशिवाय तो होत नाही. धाकटी सून नव्हतीच, त्यामुळे प्रश्नच मिटला.

पण स्वयंपाकाची तिला भीती नव्हती. वाढून, आवरून, साडेबाराला निघता आलं असतं. भीती वेगळीच होती आणि ती नावाची होती.

परबांच्या घरात तिला जान्हवी म्हणणारं कुणी नव्हतं. आपण मात्र जान्हवीच म्हणायचं, कारण स्वतःशी बोलताना ती अजून तेच नाव वापरायची. एकवीस वर्षांपूर्वी लग्नात ताटातल्या तांदळावर हर्षदनं अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, मृणालिनी. हे नाव सासऱ्यांनी निवडलं होतं, आणि ते त्यांच्या धाकट्या मुलीचं होतं. ती मृणाल सोळाव्या वर्षी गेली. दहावीच्या परीक्षेत, भूमितीच्या पेपरच्या सकाळी, डोकं दुखतंय म्हणाली होती. गिरणी सुटल्यावर वॉचमनची नोकरी धरलेल्या दशरथ परबांनी, म्हणजे अण्णांनी, सगळी आशा त्या हुशार पोरीवर लावलेली. नाटकं नकोत, वर्ष फुकट जाईल, म्हणाले आणि स्वतः सेंटरच्या गेटपर्यंत सोडून आले. पोरीनं अंगात ताप घेऊन पेपर लिहिला. ताप मेंदूत गेला होता. चौथ्या दिवशी ती गेली.

त्यानंतर नऊ वर्षं अण्णा कामापुरतं सोडून कुणाशी बोलले नाहीत. मार्च आला की गावाला निघून जायचे, परीक्षा संपल्या की परतायचे. नातीच्या, अपूर्वाच्या, दहावीलाही ते गावाला होते आणि बारावीलाही. परीक्षा हा शब्द या घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. अपूर्वा लहानपणापासून 'शाळेत काहीतरी आहे' म्हणूनच घराबाहेर पडायची.

तर त्या घरातल्या मृणालिनीला आज परीक्षेला जायचं होतं.

विद्यापीठाच्या नियमानं नोंदणी बारावीच्या मार्कशीटवरच्या नावानं झाली होती, जान्हवी राजाराम नाईक. आधारकार्डावर मृणालिनी हर्षद परब. आजवरचे पेपर घाटकोपरच्या अभ्यासकेंद्रात झाले, तिथल्या मॅडम ओळखीच्या होत्या, कुणी अडवलं नाही. शेवटचा पेपर मात्र कॉम्प्युटरवर, परक्या ठिकाणी. गुरुवारी आलेल्या हॉल तिकिटावर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की दोन नावं वेगळी असतील तर विवाहनोंदणीचा मूळ दाखला आणावा, झेरॉक्स चालणार नाही. त्या दाखल्यावर तिची दोन्ही नावं होती. आणि तो दाखला अण्णांच्या खाटेखालच्या लोखंडी पेटीत होता.

हर्षदला तिनं गुरुवारीच सांगितलं. अभ्यासाचं फक्त त्याला आणि अपूर्वाला माहीत होतं. मी बघतो, तो म्हणाला. शुक्रवारी म्हणाला, आज त्यांचा मूड नाही. शनिवारी म्हणाला, उद्या म्हाळ झाल्यावर सहज विषय काढतो. हर्षद वाईट माणूस नव्हता. कुरिअर कंपनीत चाळीस माणसांवर तो ओरडायचा, पण वडिलांसमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. आत्ताही तो दारात उभा राहून केळीची पानं पुसत होता. एकच पान तो तिसऱ्यांदा पुसत होता.

"मम्मी, अण्णा आंघोळीला गेले," अपूर्वा आत येऊन हळूच म्हणाली. "किल्ली खुंटीवर आहे."

पेटीची किल्ली एरवी अण्णांच्या करगोट्याला असायची. झोपताना, आंघोळ करताना, कायम. फक्त म्हाळाच्या दिवशी पितरांच्या कामाला अंगावर लोखंड नको, असा त्यांचा स्वतःचाच नेम होता, म्हणून वर्षातून एकदा ती खुंटीवर यायची. जान्हवीनं अपूर्वाकडे पाहिलं. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या चेहऱ्यावर काही भीती नव्हती, आणि त्याचीच जान्हवीला जास्त भीती वाटली.

"खिरीकडे बघ," ती म्हणाली आणि हात पुसून आत गेली.

बाथरूममधून तांब्याचा आवाज येत होता. अण्णांची आंघोळ मोजकी, सहा तांबे. तिनं किल्ली काढली, खाटेखालून पेटी ओढली. पेटीनं लादीवर आवाज केला, तशी जान्हवी थांबून कानोसा घेऊ लागली. तिसरा तांब्या. कुलूप उघडलं. वर धोतर, त्याखाली गिरणीचा पास, त्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. दाखला ओळखू आला. तो उचलताना त्याला चिकटलेला दुसरा कागद वर आला. पिवळा पडलेला, कोपऱ्याला गंजलेली टाचणी. दोन वेण्यांतल्या मुलीचा फोटो आणि खाली नाव, परब मृणालिनी दशरथ. दहावीचं हॉल तिकीट. मागच्या बाजूला पेन्सिलीनं वेळापत्रक लिहिलेलं. भूमितीपर्यंतच्या पेपरांवर बरोबरची खूण होती, पुढच्या दोनांवर नव्हती.

जान्हवीला तिथून हलताच येईना. एकवीस वर्षं ती ज्या मुलीच्या नावानं वावरली, तिचं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं. घरात फोटो नव्हता. ही पोर अपूर्वासारखीच दिसत होती, तशीच कपाळावर बट, तशीच हसू दाबलेली. जान्हवीला एकदम रडू आलं.

"ठेव ता."

सासूबाई दारात होत्या. रत्नप्रभाबाईंचा आवाज मोठा नव्हता, तो कधीच मोठा नसायचा. आत येऊन त्यांनी दार लोटलं.

जान्हवीनं कुजबुजत सगळं सांगितलं. लपवण्यात आता अर्थ नव्हता. शाळा, पदवी, आजचा पेपर, दाखला. संध्याकाळी होता तसा परत ठेवीन, अण्णांना कळणारसुद्धा नाही. तिला वाटलं होतं सासूबाई ऐकतील. आजवर प्रत्येक गोष्टीत त्या सुनेच्या बाजूनं उभ्या राहिल्या होत्या, नोकरीसाठी तर नवऱ्याशी त्या पहिल्यांदा भांडल्या होत्या. पण परीक्षा हा शब्द कानावर पडला आणि त्या खाटेची कड धरून खाली बसल्या.

"नऊ वर्षां ते माझ्याशी बोलूक नाय, गो," त्या म्हणाल्या. "बोलले ते तू घरात इल्यावर. मृणालिनी, पाणी हाड, म्हणाले. माझ्या डोळ्यांदेखत माणूस परत इलो. आता तू तेच नाव घेऊन परीक्षेक जाशीत, आणि त्यांका कळात, तर ते ह्या खेपेक परत येवचे नाय. माझे पाय चलनत नाय आता. मी एकट्यान कसा करू?"

हात जोडले त्यांनी. सासूनं सुनेपुढे हात जोडलेले जान्हवीला बघवेनात. सहावा तांब्या झाला, बाथरूमचा नळ बंद झाला. सासूबाईंनी दाखला तिच्या हातातून काढून घेतला, पेटीत टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली खुंटीवर नेऊन टांगली. 

अकराच्या सुमाराला अक्षता आली, मुलुंडहून, हातात फुलं आणि दुधीची भाजी. ही जान्हवीची नणंद, मृणालची मोठी बहीण. एकवीस वर्षांत अक्षतानं तिला नावानं हाक मारलेली नव्हती. वहिनी, एवढंच, तेही गरज पडली तर. जान्हवीनं तिच्यापासून कायम चार हात लांब राहणं पसंत केलं होतं. आज स्वयंपाकघरात पाऊल टाकल्या टाकल्या अक्षतानं आईचा चेहरा पाहिला, भावजयीचे सुजलेले डोळे पाहिले आणि अपूर्वाला कोपऱ्यात घेतलं. अपूर्वानं दोन मिनिटांत सगळं सांगून टाकलं. या पोरीच्या पोटात काही राहत नसे.

आता तोफ डागली जाणार म्हणून जान्हवी वडे थापत मान खाली घालून उभी राहिली. अक्षता आली ती आईकडेच वळली. आपण मृणालला घालवलं, आता हिचीही नोकरी घालवायची का, असं तिनं विचारलं. रत्नप्रभाबाई म्हणाल्या, तुला काय कळतंय, ते नाव आहे म्हणून हे घर उभं आहे.

"मी हिला एकदा तरी मृणालिनी म्हटलंय का, आठव," अक्षता म्हणाली. "माझ्या बहिणीचं नाव दुसऱ्या कुणाला दिलेलं मला चाललं नव्हतं. मला कुणी विचारलं नाही. पण मग मला कळलं की हिलाही कुणी विचारलेलं नाही. म्हणून वहिनी म्हणते."

जान्हवीच्या हातातला वडा तसाच राहिला. इतकी वर्षं जो तिरस्कार समजून ती घाबरत आली, तो तिरस्कार नव्हताच. पण त्यावर बोलायला वेळ नव्हता. पावणेबारा झाले होते.

"पण अण्णांना तूच सांग, वहिनी," अक्षता आवाज उतरवून म्हणाली. "माझी हिंमत नाही. खरंच नाही. मृणालच्या शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात ते भिंतीवर डोकं आपटत होते. मी बघितलंय."

म्हणजे पुन्हा तिथंच आलं सगळं. चार मोठी माणसं एका एकोणऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला घाबरून स्वयंपाकघरात उभी होती. आणि तो म्हातारा बाहेर दर्भाची अंगठी घालत होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

भटजी सकाळीच उरकून गेले होते, नावं घ्यायचं काम अण्णांचं. पानं मांडली. अण्णा प्रत्येक पानावर पाणी सोडत एकेक नाव घेऊ लागले, आजा, आजी, बाप, आई, गिरणीच्या दिवसांतच गेलेला भाऊ. शेवटचं पान छोटं असायचं. त्यावर खीर जास्त, कारण तिला आवडायची. "मृणालिनी दशरथ परब," अण्णा म्हणाले आणि पाणी सोडलं. दरवर्षी या क्षणी जान्हवी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहायची. आपल्याच नावाचं पान आपल्याच हातानं वाढायचं आणि आपल्याच कानांनी ते मेलेल्यांत मोजलेलं ऐकायचं, याची सवय होईल असं तिला पहिल्या वर्षी वाटलं होतं. सवय झाली नाही. आज तिनं मान वर केली आणि अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं. ते नाव घेताना त्यांची हनुवटी हलत होती. इतकी वर्षं तिनं हे पाहिलंच नव्हतं.

कावळ्यांनी काही अडचण केली नाही. त्यांच्या भटवाडी वस्तीतले कावळे नखरे करत नाहीत. पत्र्यावर पानं ठेवायचा अवकाश, पाच मिनिटांत सगळी साफ झाली, छोटं पान सगळ्यांत आधी. आता घरच्यांच्या पंगतीला हरकत नव्हती. घड्याळात बारा वाजून पंचवीस मिनिटं.

अण्णा पाटावर बसले, शेजारी हर्षद, समोर अक्षता आणि अपूर्वा. कुणी घास घेईना. हर्षदनं दोनदा घसा खाकरला. जान्हवीला वाटलं आता बोलेल. त्यानं पाणी मागितलं.

"मृणालिनी, सांबारा वाढ," अण्णा म्हणाले.

ती पातेलं घेऊन पुढे आली. पळी भरली आणि पुन्हा पातेल्यात सोडली. तिनं पातेलं खाली ठेवलं.

"अण्णा, दोन वाजता माझी परीक्षा आहे," ती म्हणाली.

स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाईंचा हुंदका ऐकू आला.  अण्णांचा हात वड्यावर होता तिथंच थांबला. हर्षदनं शेवटी तोंड उघडलं, नोकरीसाठी आहे, शाळेनं पत्र दिलंय, गेटवर दाखवायला तुमच्या पेटीतला लग्नाचा दाखला लागतोय, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, चूक माझी. तो भरभर बोलत होता आणि अण्णा ऐकत नाहीत असंच वाटत होतं.

"पेपर कसलो?" त्यांनी विचारलं. "भूमितीचो?"

"नाही, अण्णा. लहान मुलांच्या मनाचा. मुलं कशी शिकतात, कशाला घाबरतात, ते."

ते उठले. म्हाळाच्या भरल्या पानावरून घरचा कर्ता उठत नाही, पण ते उठले, हात न धुता आतल्या खोलीत गेले आणि दाराला आतून कडी लागली. खुंटीवरून किल्ली काढल्याचा आवाज आला. पेटी ओढल्याचा आला. मग आवाजच थांबले.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. अपूर्वानं दारावर टकटक केली, अण्णा, ओ अण्णा. आतून काही नाही. रत्नप्रभाबाई भिंतीला टेकून खाली सरकल्या आणि तोंडात पदर धरून बसल्या. अक्षता त्यांच्याशेजारी बसली, तिचे डोळे भावजयीवर होते आणि त्यांत राग नव्हता, नुसती भीती होती. हर्षद दाराला खांदा लावावा की नाही या विचारात उभा होता. पावणेएक झाला. जान्हवीच्या डोक्यात पिवळा कागद होता, त्यावरच्या पुढच्या दोन पेपरांपुढची मोकळी जागा होती. आपण नोकरीसाठी या माणसाला दुसऱ्यांदा मारलं असं तिला वाटलं. आणि एकदा तसं वाटल्यावर बाकी सगळं, साडेतीन वर्षं, बुटक्या खुर्च्या, एकशेसोळा क्रेडिट, तिच्या लेखी संपलं.

ती दारापाशी गेली. "अण्णा, मी नाही जात," ती म्हणाली. "ऐकताय ना? मी कुठं जात नाही. दार उघडा. जेवायला या."

कडी निघाली.

अण्णांनी धोतर सोडून पँट-शर्ट घातला होता. शर्टाची बटणं एक घर सोडून लावलेली. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दाखला. डोळे लाल होते. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही.

"चल," ते म्हणाले. "उशीर झालो."

मी सोडतो, तुम्ही कशाला, हर्षद म्हणाला. अण्णा तोवर दारापर्यंत गेले होते. जान्हवीनं बेसनाच्या डब्याखालून कागद काढला, पदराला हात पुसले आणि चपला पायात सरकवल्या. साडी तीच, तेलाच्या डागांची. दारातून बाहेर पडताना सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरला. त्यांच्या मनात तिला थांबवायचं होतं की सांभाळ म्हणायचं होतं, ते तिला कळलं नाही, आणि बहुधा त्यांनाही ठाऊक नसावं. मग त्यांनी हात सोडला.

रिक्षानं जागृतीनगर, तिथून मेट्रोची पाच स्टेशनं. अण्णा समोरच्या दाराकडे बघत बसले होते. जान्हवी त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. छत्रीच्या मुठीवर बोटं इतकी घट्ट आवळली होती की नखं पांढरी पडली होती. मरोळ नाक्याला तिला वाटलं, यांना काही झालं तर? वाटेतच काही झालं तर? परत फिरू या का असं विचारायला ती दोनदा त्यांच्याकडे वळली आणि दोन्ही वेळा त्यांनी कळेल न कळेल इतपत नकारार्थी मान हलवली. उत्तरं पाठ केलेली होती, मुलांच्या बुद्धिवाढीच्या पियाजेनं सांगितलेल्या चार अवस्था, आसक्तीचे प्रकार, आणि आता त्यातलं एकही आठवत नव्हतं.

चकाल्याला जिने उतरेपर्यंत एक वाजून सतरा. सेंटर एका काचेच्या इमारतीच्या मागच्या अंगाला होतं, लोखंडी गेट, आत रांग. रांगेत सगळी विशीतली पोरं. अण्णा गेटच्या दहा पावलं अलीकडे थांबले. तीस वर्षांत ते परीक्षेच्या गेटासमोर आले नव्हते. त्यांची छाती खालीवर होत होती आणि जान्हवीला त्यांचा दंड धरावासा वाटला, पण सून सासऱ्याला हात लावत नाही, म्हणून ती नुसती शेजारी उभी राहिली. मग ते स्वतःच चालू लागले.

गेटवरच्या माणसानं हॉल तिकीट पाहिलं, आधारकार्ड पाहिलं, पुन्हा हॉल तिकीट पाहिलं.

"नाम अलग है. आप का नाम क्या है?"

तिनं तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. ते नाव तिनं एकवीस वर्षांत घरच्या कुणासमोर मोठ्यानं घेतलं नव्हतं. आणि इथं, यांच्यासमोर, कसं सांगायचं?

"जान्हवी," मागून अण्णा म्हणाले. "जान्हवी राजाराम नाईक. माझी सून."

पिशवीतून त्यांनी दाखला काढला. त्याच्याबरोबर दुसरा, पिवळा कागदही वर आला. तो त्यांनी सोडवून घेतला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. माणसानं दाखल्यावरची दोन्ही नावं बोट ठेवून वाचली, शिक्का पाहिला, मान डोलावली. जाओ, जल्दी.

ती निघाली तर अण्णांनी थांब म्हटलं. ते पुढे आले. आपल्या उजव्या हाताची पाठ त्यांनी तिच्या कपाळावर टेकवली. एकवीस वर्षांत त्यांचा हात तिला पहिल्यांदा लागला. हात खरखरीत होता, आणि त्यांनी तो घाईनं काढला नाही. कपाळ बघितलं, मग गळ्यापाशी बघितलं. रांगेतली पोरं वळून बघत होती. बघू देत.

"ताप नाय," ते म्हणाले.

"नाही, अण्णा."

"नाय जमला तर उठान ये. अर्ध्यात उठलंस तरी चलात. कोण काय बोलूचो नाय." त्यांनी गेटाबाहेरच्या कठड्याकडे बोट केलं. "मी हयसरच बसलंय."

आणि ते खरंच बसले, चपला काढून, छत्री मांडीवर आडवी घेऊन, गेटाकडे तोंड करून.